जागेवर मारलेली खाच

फक्रुद्दीन मिस्त्री कुणाच्याही घरी गेले की आधी माणसांना भेटत नाहीत, लाकडाला भेटतात. दारातून आत येताना त्यांच्या डाव्या हाताची बोटं चौकटीवरून खाली घसरत येतात, उंबऱ्याच्या कोपऱ्याशी थांबतात, आणि मग सदऱ्याच्या खिशातून टोच्या बाहेर निघतो. टोच्या म्हणजे बाभळीच्या मुठीत बसवलेली चार इंची अणकुचीदार सळई. ती ते कोपऱ्यात दाबून बघतात. आत गेली नाही तर चेहरा खुलतो आणि मग चहा घेतात. गेली तर चहा राहतो बाजूला. एकदा एका मयतीच्या घरी बसायला गेले आणि निघताना त्या लोकांना चौकट बदलायला सांगून आले. शरिफाभाभी, म्हणजे त्यांच्या पत्नी, पुढे महिनाभर त्या गल्लीतून जात नव्हत्या.

मी जया. संगमनेरच्या एका कॉलेजात सव्वीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं आणि पाच वर्षांपूर्वी निवृत्त झाले. माणसांशी माझं फारसं जमत नाही. मला राग पटकन येतो आणि तो मी गिळत नाही. फकरूभाईंशी मात्र अकरा वर्षं जमलंय, कारण ते माझ्याहून हट्टी आहेत. त्यांच्याविषयी लिहायला बसले ती यंदाच्या मे महिन्यातल्या एका आठवड्यामुळे. त्या आठवड्यात मी जेवढी घाबरले तेवढी आयुष्यात कधी घाबरले नव्हते.

आमची ओळख झाली ती एका कुजक्या तुकड्यावरून. दोन हजार चौदा साली ते वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन माझ्या प्रयोगशाळेच्या दारात उभे राहिले. शिपायाने हटकलं तर त्यालाच म्हणाले, "बुरशीच्या बाई कुठं बसत्यात?" एका शाळेच्या खिडकीची चौकट त्यांनी केली होती. पाच वर्षांत तिचा खालचा कोपरा हातात आला होता. वरचा रंग मात्र जसाच्या तसा होता.

"मॅडम, वाळवी न्हाई ही. माती न्हाई, भोक न्हाई. जमिनीला बी लाकूड टेकल्यालं न्हाई. मंग खाल्लं कुनी?"

मी तो तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि त्यांना बघायला लावलं. आत पांढरे धागे पसरले होते. सांध्यात पावसाचं पाणी शिरतं, त्याला बाहेर पडायला वाट नसते, आणि त्या ओलीत बुरशी निवांत जेवत बसते. आपल्याकडे लाकूड म्हटलं की लोकांना भीती वाळवीची. जमिनीपासून चार हात वर असलेल्या लाकडाला काही होत नाही, असा सगळ्यांचा समज, आणि त्यांचाही तोच होता. एक डोळा मिटून ते कितीतरी वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "चाळीस वर्षं मी रंग वरनं मारत आलो. मरन आत हुतं."

त्यांचा उतरलेला चेहरा बघून मी त्यांना एक परीक्षा सांगितली. दोन पट्ट्या घ्यायच्या. दोन्हींची टोकाकडची निम्मी जाडी कापून त्या एकमेकींवर बसवायच्या, बांधायच्या आणि उघड्यावर, जमिनीपासून वर मांडून ठेवायच्या. सांध्यात पाणी मुरू द्यायचं. काही जोड्या तशाच ठेवायच्या, काही वेगवेगळ्या औषधांत भिजवून. वर्षातून एकदा त्या सोडवून आतून बघायचं आणि गुण द्यायचे. निरोगी असली तर दहा, हातात मोडली तर शून्य. वर्गात सांगावं तसं सांगून मी मोकळी झाले. पंधरा दिवसांनी ते मला बोलवायलाच आले. त्यांच्या गच्चीवर निलगिरीच्या चाळीस जोड्या ओळीने मांडलेल्या होत्या, आणि भाभींची पापड-कुरडया वाळवायची जागा गेली होती.

दहा जोड्या साध्या. दहा जळक्या ऑइलात बुडवलेल्या. दहा बोरिकच्या पाण्यातल्या. आणि दहा हिरव्या. हिरव्या म्हणजे मोरचूद, बोरिक आणि आणखी एक नारिंगी मीठ मिळून केलेल्या द्रावणात आठवडाभर भिजवलेल्या. ते पाणी विषारी, म्हणून टाकीवर झाकण आणि झाकणावर दगड. आपल्याकडे पाऊस तो किती, म्हणून हे गृहस्थ रोज सकाळी झारी घेऊन चाळीसही जोड्यांना पाणी घालायचे. "लोकं गुलाबाला पानी घालत्यात, आमच्यात लाकडाला घालत्यात," भाभी म्हणायच्या. पण ते गावाला गेले की झारी भाभीच उचलायच्या, हे मी स्वतः बघितलंय.

दर ऑक्टोबरात आम्ही त्या जोड्या सोडवत आलो. मी गुण सांगायचे, ते वहीत उतरवायचे. साध्या जोड्या चौथ्या वर्षी शून्यावर आल्या. ऑइलवाल्या वरून काळ्याभोर आणि आतून भुगा. बोरिक पाण्याबरोबर धुऊन गेलं. हिरव्या मात्र दरसाल दहा, क्वचित एखादी नऊ. प्रत्येक हिरवी पट्टी ते नाकाशी धरून हुंगायचे आणि "पास" म्हणायचे. दहावीचा निकाल घरी आल्यासारखा त्यांचा चेहरा व्हायचा, आणि मी त्यांना त्यावरून चिडवायचे.

त्या हिरव्या दहा गुणांच्या भरवशावर पूल उभा राहिला. संगमनेरपासून बारा-तेरा किलोमीटरवर गहिनीनाथ नावाच्या शेतकऱ्याची वस्ती आहे, सात घरांची. वस्ती आणि सडक यांच्या मधून पाटाची चारी जाते. आवर्तन सुटलं की तिला छातीएवढं पाणी येतं आणि ओढ अशी असते की म्हैससुद्धा पाय टाकायला कचरते. सिमेंटचा पूल दोन किलोमीटर लांब. वस्तीवरची माणसं विजेचा एक पडका खांब आडवा टाकून त्याच्यावरून डेअरीला दूध न्यायची. दोन हजार सतराच्या पावसाळ्यात गहिनीनाथची आई रतनबाई त्या खांबावरून घसरली. हात मोडण्यावर निभावलं. मिस्त्री त्यांच्या दाराचं काम करायला गेले होते. त्यांनी ते ऐकलं आणि आपण होऊन म्हणाले, "मी करतो पूल." कुणाची परवानगी वगैरे काढली होती का, ते मी कधी विचारलं नाही.

डिसेंबरात चारी कोरडी असताना पूल झाला. निलगिरीच्या दोन अठरा फुटी तुळया, त्यांच्यावर खाचा पाडून आडव्या बसवलेल्या वीस फळ्या, दोन्ही बाजूंना कठडा. सगळं लाकूड आधी हिरव्या औषधात भिजवलेलं. लोक त्याला मिस्त्रीचा पूल म्हणू लागले. तो बघून मीही पुढच्या वर्षी माझ्या घराच्या वरच्या गॅलरीला त्यांच्याकडून तशाच लाकडाचा कठडा करून घेतला. सकाळचा चहा मी रोज तिथेच टेकून घेते.

आता मे महिन्याकडे येते. मंगळवारी सकाळी मी मिस्त्रींच्या दुकानात बसले होते. गहिनीनाथची मुलगी निकिता स्कूटीवरून लग्नाची पत्रिका घेऊन आली. लग्न रविवारी, नवरा श्रीगोंद्याकडचा, काष्टीचा. पोरगी बोलायला भारी मोकळी.

"चाचा, वऱ्हाड सडकेवर उतरनार आन् पुलावरनं चालत मांडवात येनार. बँडवाल्याला सांगून ठिवलंय, बरोबर मधी थांबायचं. नवरदेवाला तिथंच नाचवायचा हाय."

"किती मानसं हायेत?" मिस्त्रींनी हसत विचारलं.

"दोनशे तर कुठंच न्हाई गेली."

ती गेली. मिस्त्रींची छाती फुगली होती. भाभींनी चहा आणला, तो बशीत ओतता ओतता ते माझ्यापुढे बढाई मारायला लागले. "मॅडम, त्या पुलाची एकबी खाच मी दुकानात मारली न्हाई. आमच्या वस्तादांची शिकवनच हुती, खाच जागेवर मारायची. तुळई जागी बसली की तिची वाकन कळती. मंग फळी ठिवायची, रेघ मारायची, आन् पटाशी लावायची. केस जानार न्हाई असा सांधा बसतो. वीसच्या वीस फळ्यांच्या खाचा मी जागेवर..."

ते तिथेच थांबले. बशी तोंडापर्यंत गेली होती, ती तशीच खाली आली.

मी त्यांच्याकडे बघितलं आणि माझ्याही लक्षात आलं. गच्चीवरच्या पट्ट्यांच्या खाचा आम्ही आधी कापल्या होत्या आणि मग त्या औषधात बुडवल्या होत्या. पुलाचं लाकूड आधी बुडवलं होतं आणि मग कापलं होतं. म्हणजे पाणी जिथे साचणार, नेमकी तीच जागा पटाशीने उघडी केलेली. इतकी वर्षं आम्ही गुण देत होतो एका लाकडाला आणि माणसं चालत होती दुसऱ्याच लाकडावरून. मी बुरशीच्या बाई म्हणवून घेणारी, आणि मला हे कधी विचारायला सुचलं नव्हतं.

"कापल्यावर ब्रश मारला होता ना?" मी विचारलं.

"मारला. बादली नेली हुती की." मग त्यांचा आवाज खाली आला. "पन रतनमावशीच्या शेळ्या बादलीत तोंड घालाय लागल्या. मावशी म्हनल्या, मिस्त्री, उचला ती बादली, माझी एखादी मरंल. मी ती टेम्पोत घालून माघारी धाडली. म्हनलं, उरल्याल्या खाचांना सकाळी मारू."

"आणि सकाळी?"

"सकाळी जाऊन बघतो तर वस्तीवाल्यांनी दिवस मावळायच्या आत समद्या फळ्या ठोकून टाकल्याल्या. खाचा मारून तयार हुत्या, त्यास्नी दम निघंना. पयलं दूध पुलावरनं गेलं म्हनून पोरंसोरं नाचत हुती. मावशीनं माझ्यासाठी पुरनपोळी केली हुती." ते बशीकडे बघत राहिले. "मला बी बरं वाटलं, मॅडम. मी पोळी खाल्ली आन् घरी आलो."

"किती खाचांना औषध लागलं होतं?"

"सडकेकडनं सुरवात केली हुती. कुठवर आलो हुतो, त्ये न्हाई आठवत."

बुधवारी सकाळी आम्ही दोघं वस्तीवर गेलो. आवर्तन चालू होतं, चारी काठोकाठ. पाण्याचा आवाज सडकेपासूनच ऐकू येत होता. मिस्त्रींनी बाहेरून जिथे जिथे टोच्या लावता येईल तिथे लावला. सगळं टणक. हातोडीच्या दांड्याने फळ्या वाजवून बघितल्या. पण खाली पाण्याचा एवढा गोंगाट की कान देऊन उपयोग नव्हता. रतनबाई पलीकडून हाक मारायला लागली, "मिस्त्री, काय हुडकताय?"

"खिळे बघतोय मावशी. लगीन हाय ना."

ते खोटं बोललेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. तेवढ्यात गहिनीनाथ दोन्ही हातांत भरलेल्या दुधाच्या कॅन घेऊन पुलावर आला. त्याच्या मागे दोन बायका गवताचे ओले भारे घेऊन. भाऱ्यांतून पाणी निथळून फळ्यांच्या फटींत जात होतं. गहिनीनाथ मध्यावर आला तेव्हा मिस्त्रींनी कठडा असा धरला होता की बोटं पांढरी पडली. गहिनीनाथ हसत "या घराकडं" म्हणत निघून गेला.

"सांगून टाका," परतताना मी म्हणाले.

"काय सांगू? शंका हाय म्हनून? लगीन चार दिसांवर आलंय. आन् निघालं समदं चांगलं, मंग?"

"मग बरंच झालं की."

"तुमाला बरं. मला सारा तालुका वळखतो मॅडम. मिस्त्रीनं केलं म्हनल्यावर कुनी हात लावून बी बघत न्हाई."  मग म्हणाले, "मानसं पान्यात जायची भीती वाटती आन् नाव जायची बी वाटती. दोन्ही येकाच पोटात हायेत. कुठली मोठी, त्ये मला कळंना झालंय. ह्याचीच लाज वाटती."

मी तिखट बोलायच्या बेतात होते. ते ऐकून माझा तो बेत राहूनच गेला.

गुरुवारी सकाळी भाभींचा फोन आला, लगेच या. जाऊन बघते तर मिस्त्री गच्चीवर मांडणीसमोर उकिडवे बसलेले. दोन दिवस धड जेवले नव्हते. हातात वही, तिच्यात दहा, दहा, दहा. "इतकी वर्षं हिरवं लाकूड टिकलंय, पूल बी टिकंल," असं तेच तेच बोलत होते. भाभी कंबरेवर हात ठेवून उभ्या होत्या. त्यांनी मांडणीवरची एक हिरवी पट्टी उचलली आणि त्यांच्यापुढे धरली.

"हिला वरनं लई हुंगलंत. कापून बघितलंय का कधी? पटाशी लागल्यावर आत काय हाय त्ये तरी बघा."

ती पट्टी अकराव्या वर्षात होती. कापली की परीक्षेतून बाद. मिस्त्रींनी आधी माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. मग करवत घेतली आणि मधोमध कापली. कापलेलं तोंड उन्हात धरलं. कडेला हिरवी रेघ होती, नाण्याच्या जाडीएवढी. तिच्या आत सगळं फिकट, कोरं लाकूड. औषध तिथपर्यंत पोचलंच नव्हतं. औषधात बुडवल्यावर पट्टीवर पटाशी कधी लागली नाही म्हणून ती टिकली होती, एवढंच.

मिस्त्रींनी दोन्ही तुकडे खाली ठेवले, तोंड धुतलं आणि सदरा बदलला. म्हणाले, "चला."

गहिनीनाथने आधी हसण्यावारी नेलं. दारात मांडवाचे बांबू पडले होते, आचारी आला होता, निकिता हाताला मेंदी लावून घेत ओट्यावर बसली होती. "चाचा, तुमी लई भेता राव. साडेसात वर्षं झाली. रोज चार घरचं दूध जातंय. काय झालं का कधी?"

माझा पारा चढला. "आजवर झालं नाही म्हणून रविवारी होणार नाही? हे कुणी लिहून दिलंय तुम्हाला? दूध नेणं वेगळं आणि दोनशे माणसांनी मधोमध उभं राहून नाचणं वेगळं. खाली पाणी बघितलंत का? लहान मुलं असतील त्यात, म्हातारी माणसं असतील!" मी बरंच बोलले. माझा आवाज ऐकून शेजारच्या घरातली माणसं बाहेर आली.

मिस्त्रींनी मला हाताने थांबवलं. "गहिनीनाथ, मी उघडून दावतो. सडकेकडनं औषध मारीत आलो हुतो, त्याच बाजूनं उघडतो. समद्या खाचा चांगल्या निघाल्या तर वीसच्या वीस फळ्या आजच्या आज परत ठोकून देतो, आन् रविवारी मीच मधी नाचतो."

कुणी येऊ नये म्हणून पुलाच्या दोन्ही तोंडांना आडवा दोर बांधला. मिस्त्रींनी कंबरेला दुसरा दोर बांधून त्याचं टोक गहिनीनाथच्या हातात दिलं आणि पहार घेऊन बसले. पहिल्या फळीचे खिळे करकरत, किंचाळत वर आले. फळी उचलली. खाली खाच हिरवीगार, कोरडी. टोच्या लागला आणि थांबला. गहिनीनाथ हसला. दुसरी तशीच. तिसरी तशीच. पाचव्या फळीला गहिनीनाथचा आवाज चढला. "बास करा आता! माझ्या पोरीच्या लग्नात तमाशा मांडलाय व्हय तुमी?" सहावी चांगली. सातवी चांगली. खरं सांगते, सातव्या फळीला मीसुद्धा डगमगले. वाटलं, आपणच उगाच भीती घातली, आता थांबा म्हणावं. मिस्त्रींनी पहार आठव्या फळीखाली सारली.

आठव्या फळीचे खिळे आवाज न करता वर आले.

मिस्त्रींनी ते खिळे हातात घेतले आणि त्यांच्याकडे बघत राहिले. मग फळी उचलली. खाच काळपट तपकिरी, ओलसर, पावसाळ्यात ओल्या पोत्याला येतो तसला वास. त्यांनी टोच्या नुसता टेकवला. दाबलासुद्धा नाही. तो मुठीपर्यंत आत गेला आणि तिथेच उभा राहिला. दुसऱ्या तुळईची तीच गत. नववी फळी, दहावी फळी, तेच. म्हणजे बरोबर मधोमध, जिथे बँड थांबणार होता.

गहिनीनाथने हातातला दोर घट्ट धरून ठेवला होता. तो पुढे सरकून वाकला, त्याने खाचेत बोट घातलं आणि बाहेर काढून बघितलं. बोटाला ओला भुगा लागला होता. "आज सकाळी निकिता गेली ह्याच्यावरनं," तो म्हणाला. "दोन कॅन घिऊन." मग तो मागे येऊन काठावर मटकन खाली बसला.

रतनबाई केव्हा येऊन उभी राहिली ते कळलं नाही. तिने डोक्यावरचा पदर तोंडावर घेतला होता. "मिस्त्री, शेळ्यांपायी मीच बादली उचलाय लावली. माझीच चूक."

"बादली मी उचलली, मावशी," मिस्त्री म्हणाले. "आन् दुसऱ्या दिशी पोळी बी मीच खाल्ली."

रविवारी वऱ्हाड दोन किलोमीटर वळसा घालून आलं. सिमेंटच्या पुलापाशी ट्रॅक्टरच्या तीन ट्रॉल्या उभ्या केल्या होत्या, नऊवारीतल्या बायका कुरकुर करत त्यांच्यात चढल्या. मुहूर्त वीस मिनिटांनी हुकला. सांगूनही कुणीतरी सवयीने पुलावर पाय टाकील, म्हणून मिस्त्री सकाळी सातपासून सडकेच्या बाजूला स्टूल टाकून, छत्री धरून बसले होते. मी त्यांच्या शेजारी. दोनदा जेवायला बोलावणं आलं, ते उठले नाहीत. पलीकडून मंगलाष्टकं ऐकू येत होती. लोक त्यांच्याविषयी काय बोलत असतील, ते आम्हा दोघांनाही न सांगता कळत होतं.

उतरत्या उन्हात निकिता नवऱ्याला घेऊन पलीकडच्या काठावर आली. शालूचा घोळ एका हातात धरलेला. पाण्याच्या आवाजावर तिने ओरडून हाक मारली.

"चाचा! काष्टीच्या घराला लाकडी जिना हाय! टोच्या घिऊन या! तुमी बघितल्याबिगर मी माडीवर चढनार न्हाई!"

मिस्त्रींनी छत्री खाली ठेवली आणि हात वर केला. ते रडत होते. त्यांना धीर द्यायच्या स्थितीत मीही नव्हते.

सोमवारी सकाळी मी नेहमीसारखी गॅलरीत कठड्याला टेकून चहा पीत होते. मन हलकं झालं होतं. जिन्यावर पावलं वाजली आणि मिस्त्री गॅलरीच्या दारात येऊन उभे राहिले. खांद्याला हत्यारांची पिशवी, हातात नवी वही. तिच्या पहिल्या पानावर त्यांनी गेल्या दहा वर्षांतली अशी सगळी कामं लिहून काढली होती, ज्यांच्या खाचा त्यांनी जागेवर मारल्या होत्या. एकूण तेवीस. एका मंगल कार्यालयाची गॅलरी, एका बालवाडीची घसरगुंडी, शेतावरचे दोन मचाण. मी उभ्या उभ्या वाचत होते.

"मॅडम, जरा मागं व्हा."

"का हो?"

"पयल्या नंबरला तुमचं घर हाय. ब्रश नेला हुता का न्हाई, आठवंना."

खाली चौदा फुटांवर फरशीचं अंगण होतं. मला हसू आलं. "अहो, सात वर्षं झाली. रोज टेकून उभी राहते मी इथे. काय झालं का कधी?"

बोलून गेले, आणि मग माझं मलाच ऐकू आलं.

मिस्त्री खिशातून टोच्या काढून नुसते उभे राहिले. मी कठड्यावरची कोपरं हळूच उचलली आणि पाठ भिंतीला लागेपर्यंत मागे सरकले.